संपलेल्या कामांचे तास

तिनेके : हसू नकोस, रुलॉफ! आठवडाभर मर मर मेले, आणि कॉम्प्युटरवरची ही तासांची फाइल म्हणते दिवसाला जेमतेम एक तास.

रुलॉफ : हसतोय कुठे? चीज घशात अडकलंय. ते ताक दे इकडे. काम सुरू करताना फाइलीत त्याचं घड्याळ लावतेस ना?

तिनेके : लावते. उठताना बंदही करते. अरे, दुपारी ऑफिसच्या डॉक्टरांकडे जायचंय. इतके महिने आजारी रजेवर होते, आता रोज चार तास झेपतात का, हे ते बघणार. हा आकडा पाहिला तर म्हणतील, बाई, घरीच बसा. समुद्राच्या बांधाचं काम दुसऱ्याकडे जाईल.

रुलॉफ : सरक, बघू दे. कुठलं घड्याळ चालू राहिलंय? नाही. वेळा उलटसुलट? त्याही नाहीत. मग मंगळवारी पंपांचं गणित पुरं केलंस, ते दिसत कसं नाही?

तिनेके : ते झालं ना. झालेलं काम मी लगेच जुन्या फाइलीत टाकते. डोळ्यांसमोर पसारा नको.

रुलॉफ : अगं शहाणे! बेरीज फक्त या फाइलीची होते. काम संपलं की त्याचे तासही त्याच्याबरोबर तिकडे जातात.

तिनेके : म्हणजे रोज संध्याकाळी मी नुसतं अर्धवट राहिलेलंच मोजत होते?

रुलॉफ : आणि स्वतःला शिव्या घालत होतीस. थांब, जुनी फाइलही बेरजेत धरायला सांगतो. हं, दाब.

तिनेके : आले! अरे, आले सगळे! सोमवार सात, मंगळवार आठ... मी आळशी नव्हते रे, रुलॉफ!

रुलॉफ : कोण म्हणालं होतं तसं?

तिनेके : मीच. रोज म्हणायचे. म्हणून तर रात्री जेवण झालं की घरी परत कामाला बसायचे, भरपाई म्हणून. नवऱ्याला, हेंकला सांगायचे, मेल बघतेय.

रुलॉफ : तिनेके, डॉक्टरांनी किती तास सांगितले होते?

तिनेके : चार.

(रुलॉफ पडद्यावरच्या मंगळवारच्या आठावर बोट ठेवतो.)

तिनेके : मागच्या वेळी आजारी पडले, तेव्हाही असंच सुरू झालं होतं रे.

रुलॉफ : माहीत आहे. कोट घाल, डॉक्टरांकडे मी येतो बरोबर.