फ्लायव्हीलवरच्या ठिपक्याबाबत पुरवणी जबाब

फिर्यादी: मयत टर्नर यांची पत्नी. वय ६३ वर्षे. धंदा: पूर्वी शाळेत प्रयोगशाळा सहायक, आता निवृत्त. राहणार: तळ्याच्या वरची गल्ली, छापखान्यामागचे बैठे घर.

मी आज दुपारी सव्वाबारा वाजता बोलावण्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारले त्याप्रमाणे सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती कारखान्यात लेथवर टर्नर होते. लहान इंजिनाच्या बोटी घरी बनवून तळ्यात चालवण्याचा त्यांना छंद होता. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचे काम चाले. हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ते तळ्याच्या काठावर वारले. त्यानंतर सत्त्याण्णव दिवसांनी त्या खोलीतून बोटीचे इंजिन चोरीस गेल्याची फिर्याद मी गेल्या शनिवारी दिली आहे. त्या वेळी मी काही गोष्टी सांगितल्या नव्हत्या. त्या आज सांगते.

शनिवारी सकाळी साडेसात वाजता अंगण झाडताना खोलीच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू नवे दिसले. कुलूप जसेच्या तसे होते. मी किल्लीने कुलूप काढले. ते दार गेली अकरा वर्षे खाली घासत असे आणि खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नसे. त्या दिवशी ते एका बोटाने उघडले. ज्याने बिजागरी काढून आत प्रवेश केला, त्याने जाताना दार नीट बसवून दिले होते. आत बोटीचे झाकण उघडे होते व इंजिन नव्हते. ते ज्या चार स्क्रूंनी बसवलेले असते, ते चारही स्क्रू एका बाटलीच्या झाकणात पुसून ठेवलेले होते. दुसरी एकही वस्तू हललेली नव्हती. दाराची व स्क्रूंची बाब पहिल्या वेळी का सांगितली नाही, असे विचारले असता, मला कोणीतरी चोर असायला हवा होता, एवढेच सांगता येईल.

इंजिनाचे वर्णन असे: एका मुठीत मावेल एवढे, पुढे पितळेचे फ्लायव्हील म्हणजे जड चाक, त्यावर गडद लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. ठिपका मी लावला होता. नेलपॉलिशची बाटली मी आयुष्यात एकदाच आणली आणि ती तिथेच संपली.

ठिपका कशासाठी, असे हवालदारांनी विचारले. त्यासाठी इंधनाचे सांगावे लागेल, असे मी म्हटले. त्यांनी थोडक्यात सांगा म्हटले.

हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते. आमचे लग्न झाले त्या वर्षी माझ्या पतींनी पहिले इंजिन आणले. दुकानदाराने त्यांना खेळण्यातल्या मोटारगाडीचे इंधन दिले. त्यात तेल कमी असते. तळ्यात चौथ्याच फेरीला इंजिन तापून अडकले. त्यानंतर ते म्हणत, गाडीला कधीतरी उतार मिळतो, बोटीला मिळत नाही. पाणी सगळा वेळ पुढून रेटत असते. म्हणून ते बोटीसाठीचे, वीस टक्के तेलाचे इंधन घेत, आणि त्या तेलात एरंडेल आहे याची खात्री करून घेत. एरंडेलाने इंजिनाला चिकट तांबूस थर धरतो, पण इंधन कमी पडून इंजिन तापले तर तेच वाचवते. नायट्रोने वेग वाढतो, तरी ते पंधरा टक्क्यांवर कधी गेले नाहीत. तळ्यावरचे काही लोक तीस टक्के वापरत आणि पुढे जात. हे म्हणत, त्यांना आज जिंकायचंय, मला पुढच्या रविवारी पण यायचंय.

दुसरे इंजिन महिनाभर ठेवल्यावर गंजून जाम झाले. माझे पती दुकानदाराशी भांडायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. प्रयोगशाळेत मिथेनॉलच्या बाटलीचे बूच उघडे राहिले की मला बोलणी बसत, कारण ते हवेतले पाणी ओढून घेते. इंजिनात उरलेले इंधनही तेच करते, आणि नायट्रो जळल्यावर जे उरते ते लोखंडाला खाते. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, मग हे काम तुझंच. मग आणलेले तिसरे इंजिन हेच, आणि तेव्हापासून छत्तीस वर्षे ते माझे काम होते.

काम असे: बोट काठाला आली की ते इंधनाची नळी चिमटीत धरत. आत उरलेले जळून इंजिन आपोआप बंद होई. टाकी रिकामी करायची. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत तोंडाने फुंकर मारून पाणी काढायचे. ते मी करत असे, कारण त्यांना दम्याचा त्रास होता. मग इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग काढून तिथे तीन थेंब आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाशी तीन थेंब पातळ तेल सोडायचे, आणि फ्लायव्हील हाताने वीस वेळा फिरवायचे. शेवटी पिस्टन अगदी खाली असताना थांबायचे. वर राहिला तर गार होताना बाही, म्हणजे पिस्टनभोवतीची नळी, त्याला आवळते आणि पुढच्या वेळी अडकतो. पिस्टन खाली आला हे बाहेरून कळत नाही, म्हणून ठिपका. ठिपका वर आला की पिस्टन खाली. हे सगळे तळ्याकाठच्या बाकावरच करायचे, घरी नेऊन नाही. पाऊस असला तरी ते माझ्यावर छत्री धरून उभे राहत. स्वतःवर धरत नसत, इंजिनावर धरत. मी त्यात आले तर आले.

काल पोलिसांना ज्यांच्या घरी इंजिन मिळाले ते गृहस्थ लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले असून माझ्या पतींचे बावीस वर्षांचे परिचित आहेत. त्यांच्या बोटी विजेच्या मोटारीवर चालतात. तळ्यावर त्यांना बॅटरीवाले म्हणतात. ते माझ्या पतींना धुराडे म्हणत. दोघे एकाच बाकावर बसत आणि एकमेकांच्या बोटीला नावे ठेवत. माझे पती विचारत, तुमची निघाली का अजून निजलीय. ते म्हणत, तुमची निघाली की गल्लीतले कपडे आत घ्यावे लागतात. त्यांच्यात वैर होते का, असे विचारले असता, एखाद्या रविवारी ते आले नाहीत तर माझे पती बोट पाण्यात न सोडताच घरी परतत, असे मी सांगते.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ चाळीसला मी बोट पाण्यात सोडली. टाकी पूर्ण भरलेली होती. दोन फेऱ्यांनंतर माझे पती बाकावर खाली बसले आणि रिमोट त्यांच्या हातून पडला. मी त्यांच्याजवळ गेले. बोटीला डावीकडे ओढ होती, त्यामुळे ती तळ्याच्या मध्यावर मोठ्या फेऱ्या मारत राहिली. इंधन संपत आले की या इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि मग बंद होतो. तो चढलेला मी ऐकला. तेव्हा त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. बंद झाला तेव्हाही होते. वेळ मी पाहिली नाही.

गाडीतून दवाखान्यात जाताना मी बॅटरीवाल्यांच्या हाती खोलीची किल्ली दिली. ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट घेऊन आले. ती चिखलाने व शेवाळाने माखलेली होती, म्हणून त्यांनी नळाखाली झाकण उघडून ती आतून-बाहेरून स्वच्छ धुतली, झाकण लावले, खोलीत ठेवली आणि संध्याकाळी मला किल्ली परत दिली. त्यांच्या बोटीतली मोटार पाण्याने धुतली तरी चालते. इंजिनाचे तसे नसते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या समोर आम्ही बावीस वर्षे ते काम करत होतो, पण तेवढ्या वेळात ते तोंड फिरवून बसत. तेलाचा वास त्यांना सोसत नसे.

किल्ली हाती आली तेव्हा आत बोट तशीच पडून आहे हे मला माहीत होते. तेल सोडलेले नाही हेही माहीत होते. एक दिवस गेला तर काय होते, एक आठवडा गेला तर काय होते, महिन्याने काय होते, हे घरात माझ्याइतके कोणाला माहीत नव्हते. मी खोली उघडली नाही.

बॅटरीवाले तिसऱ्या आठवड्यात घरी आले आणि म्हणाले, वहिनी, किल्ली द्या, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटले, राहू द्या. ते सहाव्या आठवड्यात पुन्हा आले. तेव्हा मी दार लावून घेतले. काय काम आहे ते त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. खोलीत जाण्याची किंवा इंजिन नेण्याची परवानगी मी त्यांना दिली होती का, असे आज मला तीन वेळा विचारण्यात आले. दिली नव्हती. खोटे सांगणार नाही.

सुट्या भागांच्या दुकानदाराने पोलिसांना माहिती दिली की, बॅटरीवाले दुकानात येऊन दोन बॉलबेअरिंग घेऊन गेले. ती फक्त अशा इंजिनात लागतात. दुकानदाराने त्यांची थट्टाही केली होती, काय हो, शेवटी धुराड्याच्या पंथाला लागलात का. काल पोलीस त्यांच्या घरी गेले तेव्हा इंजिन जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेले होते. त्यांनी लगेच सांगितले की, होय, मीच आणले.

आज मी आले तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. सकाळपासून बसलेले आहेत, असे कळले. त्यांची सून डबा घेऊन फाटकापाशी उभी होती. मी इंजिन ओळखले आणि परवानगी नव्हती असे सांगितले, तर त्यांच्या नावावर गुन्हा कायम होईल, हे हवालदारांनी मला समजावून सांगितले. मला ते समजले.

मग इंजिन माझ्यासमोर ठेवण्यात आले. ते इतके स्वच्छ होते की मला ओळखता आले नाही. छत्तीस वर्षांचा तांबूस थर निघाला होता. फ्लायव्हीलवर ठिपका होता, पण तो फिकट गुलाबी होता. हवालदार म्हणाले, "बाई, फिर्यादीत गडद लाल लिहिलंय. हा रंग जुळत नाही. हे तुमचं नाही म्हणालात तर विषय इथेच संपतो." ते हे चांगल्या मनाने म्हणाले.

बॅटरीवाल्यांनी दारातून ऐकले आणि आत येऊन म्हणाले, "वहिनी, तो मी लावलाय. साफ करायच्या सॉल्व्हंटमध्ये जुना निघून गेला. आधी पेन्सिलीनं खूण करून घेतली होती, जागा तीच आहे. सुनेकडं हाच रंग होता."

हवालदार त्यांना म्हणाले, अहो, तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेताय. ते म्हणाले, "मीच पाण्यानं धुतलं होतं हो. चांगलं व्हावं म्हणून धुतलं. तळ्यावर कोणीतरी बोललं तेव्हा कळलं, मी काय केलं ते. मग वहिनींना सांगायला तोंड नव्हतं." पुढे त्यांनी सांगितले की, मागचे बेअरिंग फिरतच नव्हते, पुढचे खरखरत होते, दोन्ही बदलली, बाही आणि पिस्टन वाचले, बहुतेक एरंडेलामुळे.

त्यावर मी म्हटले, हे आमचेच इंजिन आहे.

मी पुढे सांगते की, हे इंजिन त्या दिवशी तळ्याच्या बाकावरच साफ व्हायला हवे होते व ते काम माझे होते. ते मी केले नाही, दुसऱ्या दिवशी केले नाही, सत्त्याण्णव दिवस केले नाही. बॅटरीवाल्यांनी केले. परवानगी नसताना केले हे खरे आहे. परवानगी मागूनही मिळाली नाही, हेही खरे आहे. माझी त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, आणि माझ्या फिर्यादीवरून त्यांना आणखी बसवून ठेवू नये, अशी विनंती आहे. मला हे सांगण्यासाठी कोणी भरीस घातलेले नाही.

हवालदारांनी सांगितले की, ते त्यांना घरी पाठवतील, पण इंजिन जप्त झालेले असल्याने कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मोहोर लावून मुद्देमालाच्या खोलीत राहील. किती दिवस, ते सांगता येत नाही. ती खोली मी पाहिली. भिंतीला ओल आहे. म्हणून पिशवीत घालण्यापूर्वी इंजिनात तेल सोडू द्यावे, अशी मी विनंती केली. ठाण्यात तसे तेल नव्हते. हवालदारांनी विचार करून बंदुका पुसायच्या तेलाची बाटली आणवली. पातळ होते. चालण्यासारखे होते.

प्लग बॅटरीवाल्यांनी काढला. मी वर तीन थेंब आणि हवेच्या तोंडाशी तीन थेंब सोडले आणि फ्लायव्हील वीस वेळा फिरवले. बॅटरीवाले शेजारी उभे होते. या वेळी त्यांनी तोंड फिरवले नाही. नव्या बेअरिंगमुळे चाक हलके फिरते. विसाव्या वेळी ठिपका वर आणून मी थांबले. इंजिनाला आता एरंडेलाचा वास येत नाही. हे लिहायची गरज नाही, असे हवालदार म्हणाले. मी लिहायला सांगितले.

इंजिन मुद्देमालात असेपर्यंत महिन्यातून एकदा, कोणाही अंमलदारासमोर, मला किंवा बॅटरीवाल्यांना ते वीस वेळा फिरवू द्यावे, असा अर्ज सोबत जोडला आहे. त्यावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना शेवटी एक फरक आढळला: मी "आमचेच इंजिन" असे सांगितले होते, तिथे "माझ्या पतींचे इंजिन" असे लिहिले गेले होते. ते माझ्यासमोर खोडून दुरुस्त केले व त्या जागी मी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.