डाकिणीचा कायदा

—‘डाकीण म्हणेल त्याला सरळ तुरुं…’ एवढंच ऐकलं हो मी, भाऊसाहेब. पुढचं ऐकायला सरकले तर नेमकी कापसाची गाडी आडवी आली, राहिलेलं वाक्य बैलांच्या घुंगरांत गेलं. डाकबंगल्याचा खानसामा दलपत सांगत होता वांगीवाल्याला — की तुमचे साहेब, मुंबई सरकारचे सगळ्यांत मोठे वकील, ते जेवता जेवता म्हणाले म्हणे, आता नवे मंत्री आलेत, कौन्सिलात नवे कायदे आणायचे, गुन्हेगारांना जरब बसवायची — अन् त्यातला हा एक. गाडी गेल्यावर विचारलं, पुढे काय रे दलपत? तर म्हणतो, तुळसामाय, तू कुठंही कान लावतेस. लावते! माझे कान आहेत, मी लावते. दुपारपर्यंत बाजारात त्याचं काय काय झालं — कुणी म्हणे काळं पाणी, कुणी म्हणे फाशी, अन् शांतीलाल शेट म्हणे, अहो बाई, डाकीण कुठली, डाका! दरोडेखोरांचा कायदा तो! म्हटलं, साहेबांचा कारकूनच आपल्या शेजारच्या ओसरीत उतरलाय, त्यालाच जेवायला बोलवावं. बसा हो भाऊसाहेब, संकोच नको, भाकरी दादर ज्वारीची आहे — ठेचा मात्र जपून, नंदुरबारची मिरची आहे ती.

आत जात्याची घरघर ऐकू येते ना? ती दिवलीबाई. डोळे नाहीत तिला. होते, चांगले होते, उडत्या माशीमागं जाऊन मधाचं पोळं शोधायची. मोलगीकडची, डोंगरातली — लग्न होऊन इथं तळोद्यात आली, ह्या कुंपणापलीकडं तिचं घर अन् दारात मोहाची दोन झाडं. मी तिला वाल द्यायची, ती मला मध. मी काही तिच्या जातीची नाही, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेक कुणी दिला? तिनंच. नवरा गेला तिचा, एकटी राहिली, अन् त्या झाडांवर गावातल्या वाहरूचा डोळा. त्याची म्हैस मेली — बुळकांडीनं मेली हो, त्या साथीत गावातल्या किती मेल्या! — पण हा तिच्या दारात उभा राहिला अन् त्यानं तो शब्द काढला. बास. एकदा तो शब्द काढला की शेजारी शेजारी राहत नाहीत. ओढत नेली तिला मिरचीच्या पथारीवर, वाळत घातलेल्या मिरच्यांत, अन् — जाऊ द्या, तुम्ही जेवताय. मी माहेरी होते. आले तेव्हा पाण्याच्या हंड्यात तोंड घालून बसली होती.

कोर्टात काय झालं? काही नाही झालं. फौजदार म्हणतो, नुसत्या शब्दानं कुणी आंधळं होतं का बाई? साक्षीदार एकजात म्हणाले, पाय घसरला, पथारीवर पडली. घसरली! दोन्ही डोळ्यांवर घसरली! वाहरू सुटला, घरी जाताना त्यानं मोहाला नारळ फोडला — तिच्या मोहाला. तेव्हापासून मी वाट बघतेय भाऊसाहेब. म्हणून विचारते, त्या वाक्याचं पुढं काय ते सांगा. चौथी शिकलेय मी, कायद्याचं बोलणं समजतं मला.

काय? पहिला डाकाच? म्हणजे शांतीलाल शेट खरा! — बरं, दुसरी दारू. — मग साक्षीदारांना धमकावणं, ते बरंय, ते हवंच होतं. — अन् डाकीण? — आहे! शेवटी का असेना, आहे ना! म्हणजे दलपतही खोटा नाही. दिवलीऽ, ऐकलं का वं? शे! कायदामा शे! — राग आला नाहीतर आनंद झाला की घरचीच बोली येते बघा तोंडात. अहो, वाहरूला बेड्या घालून ह्याच बोळातून नेतील, मी दारात खाट टाकून बसणार, दिवलीला शेजारी बसवणार, बेड्यांचा आवाज तरी ऐकेल ती —

काय म्हणालात? मागचं नाही? पुढं कुणी म्हटलं तरच? — असं कसं? झालेल्या गुन्ह्याला नवा कायदा लागत नाही, हे साहेबच म्हणतात? डोळे मागंच गेले हो तिचे, पण अंधारात ती आज बसलीय. आजचं धरा ना. — नाही धरता येत. — अन् कौन्सिलानं मंजूर केला तर. कधी, ते साहेबांनाही ठाऊक नाही. हं.

बरं. मग त्याला परत म्हणायला लावू. कुणाला काय? मला! येतो की तो, दर बाजारी येतो, ह्याच ओट्यावर, तुम्ही बसलात तिथंच बसतो. आळीतल्या बाया मला नावं ठेवतात, जिनं आंधळीला पोसलं तीच वाहरूला बसायला गोणपाट टाकते. टाकते! जवळ असलेला बरा. वाटी भरून देते त्याला — मोहाची. तिच्याच झाडांची फुलं, तोच पाटी भरून आणतो, मी मागच्या चुलीवर गाळते. दोन वाट्या पोटात गेल्या की जीभ सैल. मागच्या बाजारी तर शब्द अगदी ओठांवर आला होता — हिला ठेवून घेतलीस, तूबी तसलीच दिसतेस म्हणाला, तूबी डा— मी झटकन भजं कोंबलं तोंडात. म्हटलं, आज नको रे बाबा, अजून कायदा नाही आला. वाया घालवायचा नाही तो शब्द. कायदा आला की भर बाजाराच्या दिवशी त्याच्या गोठ्याशी जाईन, केस मोकळे सोडून, अन् त्याच्या नव्या म्हशीकडं एकटक बघत उभी राहीन. हात नाही लावणार तिला, मुकं जनावर ते. नुसतं बघायचं. म्हणेल. चारचौघांत म्हणेल. अन् मला पथारीवर नेलंच तर नेऊ दे — तेव्हा कायदा असेल ना.

घास का थांबला हो? — कुठलं कलम? — घरी गाळणाऱ्याला सक्तमजुरी? अन् ते डाकिणीच्या आधी मंजूर होणार? म्हणजे आधी मला धरणार, अन् त्याला — अहो, फुलांची काकवी म्हणत होते मी, काकवी! मोहाची काकवी करतात आमच्याकडं, कंबरदुखीला. तुम्ही काही ऐकलं नाही. जेवलात माझ्या हातचं.

थांबा. जातं थांबलं. तिला त्याची पावलं कळतात. उठा भाऊसाहेब, हात मागच्या दारी धुवा, तसेच तिकडून जा. अन् साहेबांना एवढं सांगा — डाका राहू दे पहिला, पण डाकिणीला दारूच्या वर घ्या म्हणावं. एकच पायरी वर, जास्त नाही. जा ना आता!

— ये वाहरूभो, ये. सावलीत बैस. म्हैस कशी शे?