खणातला शिक्का

ओगुची : ...तीन वाजता तो माणूस कागद घेऊन टोकियोला निघेल. म्हणजे अजून पाऊण तास आहे, साहेब. मला पाच मिनिटं पुरेत.

मियासाका : पाच मिनिटं म्हणूनच आलात आणि माझा चहा गार झाला. बसा तरी, ओगुचीसान.

ओगुची : उभीच बरी आहे.

मियासाका : कागद वाचलात ना तुम्ही?

ओगुची : माझ्या विभागाचं मरण लिहिलंय त्यात, वाचणार नाही तर काय! 'सूक्ष्म भिंग विभाग वर्षअखेर बंद करावा, यंत्रं विकावीत, नऊ माणसांना इतरत्र सामावून घ्यावं आणि सगळी ताकद खिशातल्या कॅमेऱ्यामागे लावावी.' इतरत्र म्हणजे गोदामात, खोकी उचलायला. खाली चौकटींची रांग. सगळ्यांचे शिक्के पडलेत. कारखानाप्रमुखांची चौकट तेवढी कोरी आहे. तुमची.

मियासाका : माझी चौकट भरली काय, न भरली काय. निर्णय वरती झालेलाच आहे.

ओगुची : मग शिक्का कशाला हवा त्यांना?

मियासाका : पद्धत आहे.

ओगुची : हो ना. आणि दुसरीही एक पद्धत आहे. शिक्का मारायचा, पण उलटा. तोंडानं ब्रही काढायचा नाही, कागद अडवायचा नाही, फक्त नाव डोक्यावर उभं करायचं. वरच्यांना कळतं की या माणसाला हे पटलेलं नाही. मग ते बैठक बोलावतात आणि विचारतात, का. मला तेवढंच हवंय. एक बैठक.

मियासाका : तुम्ही मला उलटा शिक्का मारायला सांगताय?

ओगुची : हात जोडून सांगतेय.

मियासाका : बैठकीत काय दाखवणार? ती गोळी?

ओगुची : तीच. घशाखाली गेली की आतड्याचे फोटो काढत जाणारी गोळी. तिच्यात बसेल असं भिंग आज आपल्याखेरीज या खोऱ्यात कोणाला घासता येत नाही. मात्सुमोतो शहरातल्या डॉक्टरांनी सहा महिने मागितलेत, साहेब. फक्त सहा महिने. रोग्यांवर वापरून बघायला.

मियासाका : आणि तोवर खिशातला कॅमेरा कोण सांभाळणार? तीनशे चाळीस घरं चालतात त्याच्यावर. दुकानदार तोच मागतात. एकही दुकानदार मला येऊन म्हणाला नाही, की मियासाकासान, गिळायचा कॅमेरा ठेवा की जरा.

ओगुची : दुकानदार कशाला मागतील? सत्त्याण्णव साली फोनमध्ये कॅमेरा तरी कोण मागत होतं? मी तांदळाच्या दाण्याएवढं भिंग तळहातावर घेऊन फिरत होते आणि सगळे पोट धरून हसत होते. फोटो कसला, नुसता धुरळा दिसतो म्हणे. आज बाहेरच्या टेबलावरच्या कारासावासान रोज आपल्या डब्याचा फोटो फोनवर काढतात. त्यातलं भिंग कुठून आलंय माहितीय? समुद्रापलीकडून. जे आपण बारा वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं, ते.

मियासाका : झालं गेलं उगाळून काय मिळणार?

ओगुची : उगाळत नाहीये, मोजतेय. तेव्हा फोनचं भिंग बंद केलं, का? तर खिशातल्या कॅमेऱ्याच्या पोटावर पाय येईल म्हणून. आज गोळीचं भिंग बंद करताय, का? तर तोच खिशातला कॅमेरा वाचवायला. तो मरतोय, साहेब! तुम्हालाही ठाऊक आहे. विक्रीचे आकडे माझ्याआधी तुमच्या टेबलावर येतात.

मियासाका : आकडे वाईट आहेत म्हणूनच ताकद एका जागी लावायची. यालाच धोरण म्हणतात.

ओगुची : मेलेल्याला सलाईन लावायचं आणि जिवंताला घराबाहेर काढायचं, याला धोरण म्हणतात?

मियासाका : आवाज खाली, ओगुचीसान. भिंती पातळ आहेत.

ओगुची : माझी आजी इथल्याच रेशमाच्या गिरणीत सूत काढायची. गिरणीवाले म्हणायचे, नायलॉनचे मोजे कोणी बाई पायात घालणार नाही. त्या गिरणीच्या जागेवर आज आपल्या गाड्या उभ्या राहतात. आजी हे सांगताना हसायची. मला आता हसू येत नाही.

मियासाका : मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. सकाळी संचालकांचा फोन होता. म्हणाले, निवृत्तीचा समारंभ सरोवराकाठी करू, आणि नंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून रहाच. कागदाबद्दल अवाक्षर नाही.

ओगुची : म्हणजे सगळंच बोलले.

मियासाका : सगळंच बोलले.

ओगुची : सत्त्याण्णव सालीही असाच फोन आला होता का?

मियासाका : कसला फोन?

ओगुची : मी ऑगस्टमध्ये उशियामासानच्या घरी गेले होते. ते गेल्यानंतरचं पितरांचं पहिलं ओबोन. अंत्यविधीला गेले नव्हते मी, तुम्हाला माहीत आहे. सगळ्या कारखान्यानं पाहिलं. माझ्या फोनच्या भिंगाच्या कागदावर उलटा शिक्का त्यांचा होता. उत्पादनप्रमुखांचा एकच उलटा शिक्का, आणि वरून शेरा आला, 'उत्पादनाला नको असेल तर अधिक अभ्यास करावा.' अभ्यास! खणात गेला तो कागद. अकरा वर्षं वर्षअखेरच्या जेवणाला मी सगळ्यांच्या पेल्यात साके ओतली, त्यांच्या पेल्यापाशी आले की बाटली फिरवून पुढे जायची. ते पेला हातात धरून तसेच बसायचे.

मियासाका : मी बघायचो.

ओगुची : हो. तुम्ही शेजारीच असायचात.

मियासाका : चहा सांगू का दुसरा?

ओगुची : त्यांच्या बायकोनं मला आत बसवलं. देवघरात त्यांच्या फोटोपाशी एक डबी होती. उघडली तर आत माझं भिंग. पहिल्या तुकडीतलं, तिसऱ्या नंबरचं. मीच दिलं होतं त्यांना. तेव्हा म्हणाले होते, 'हे माझ्या उत्पादनातल्या पोरींच्या हातून होईल, ओगुचीसान, तुम्ही कागद तेवढा पुढे सरकवा.' मग त्याच माणसानं उलटा शिक्का का मारला? मी त्यांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, चौदा नोव्हेंबर, शिक्क्यातच तारीख आहे. ती आत गेली आणि दवाखान्याचे कागद घेऊन आली. दोन नोव्हेंबर ते तेवीस. पोटाचं ऑपरेशन. चौदा तारखेला उशियामासान नाकात नळी घालून पडले होते, साहेब.

मियासाका : ते दार जरा ओढून घ्या.

ओगुची : त्यांचा शिक्का टेबलाच्या खणात होता. खणाला कुलूप नव्हतं. आणि त्यांचे सहायक तुम्ही होतात.

मियासाका : साहेब बाहेर असले की सहायकानं शिक्का मारायचा, ही पद्धतच आहे.

ओगुची : मारायचा. उलटा मारायचा?

मियासाका : कोणी तसं सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सांगतं कोण? तेव्हाचे संचालक फोनवर एवढंच म्हणाले, 'उत्पादनाला जरा जड जाईल, नाही का?' मी म्हटलं, जी. फोन ठेवला आणि खण उघडला. मला वाटलं, वर्षभर लांबेल फार तर. कॅमेऱ्याच्या ऑर्डरी पुऱ्या होतील, मग बघू. माझ्या शटरच्या विभागातच दोनशे माणसं होती, ओगुचीसान. तुमचं भिंग चाललं असतं तर ती कुठे गेली असती?

ओगुची : तुमचा स्वतःचा शिक्का मात्र त्याच कागदावर सरळ होता.

मियासाका : होय.

ओगुची : आणि त्या संध्याकाळी तुम्ही मला भाजलेली उनागी मासळी खायला नेलंत. म्हणालात, 'मनाला लावून घेऊ नका, उशियामासान जुन्या वळणाचे आहेत.' माझ्या वाटीत मोठा तुकडा घातलात.

मियासाका : आठवतंय मला.

ओगुची : मी आभार मानले होते तुमचे! वाकून.

मियासाका : दवाखान्यातून आल्यावर त्यांनी कागद पाहिला. मी समोरच उभा होतो. मला म्हणाले, 'शाई जरा जास्त झालीय.' बस. एवढंच. पुढे फोनची भिंगं पलीकडून यायला लागली, वरच्यांनी जुने कागद काढले, कोणाच्या माथी मारायचं ते शोधलं, आणि त्यांना खिडकीपाशी टेबल दिलं. काम नाही, फोन नाही. वर्तमानपत्रातली कात्रणं कापायची. तेव्हाही बोलले नाहीत.

ओगुची : बायकोला म्हणाले होते, 'शिक्का माझा, कुलूप मी लावलं नाही, म्हणजे मत माझंच.' मी घरी येऊन रात्रभर रडले. तुमच्या रागानं नाही. त्या रिकाम्या पेल्यासाठी.

मियासाका : हे आता सगळ्यांना सांगणार आहात?

ओगुची : सांगायचं असतं तर इथे कशाला आले असते? मी सौदा करायला आलेले नाही. तुम्हाला उलटा शिक्का मारता येतो एवढं मला माहीत आहे. एकदा स्वतःचा मारा. त्यांचं ऋण फेडा म्हणत नाही, आमचे सहा महिने द्या.

मियासाका : तुम्हाला सोपं वाटतं. त्या खिडकीपाशी मी त्यांना आठ वर्षं रोज बघितलंय. नऊ वाजता येऊन कात्री समोर ठेवायचे आणि पाच वाजेपर्यंत मान वर करायचे नाहीत. जेवायला कोणी शेजारी बसत नसे. मीसुद्धा. उलट्या शिक्क्याचं पुढे काय होतं, हे या कारखान्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

ओगुची : भीती वाटते तुम्हाला?

मियासाका : वाटते. लाज वाटते आणि भीतीही वाटते, आणि या वयात भीती जिंकते. किती वाजले?

ओगुची : पावणेतीन.

मियासाका : मी जरा हात धुऊन येतो. दहा मिनिटं लागतील. कागद इथे आहे. शाईची गादी इथे. शिक्का वरच्या खणात असतो. खणाला कुलूप नाही. कधीच नसतं.

ओगुची : साहेब—

मियासाका : दहा मिनिटं, ओगुचीसान.

(मियासाका बाहेर जातात. वरचा खण चार बोटं उघडा राहिला आहे. थोड्या वेळानं कारासावा आत येते.)

कारासावा : अगंबाई, साहेब नाहीत? तो टोकियोचा माणूस गाडी चालू ठेवूनच बसलाय खाली, म्हणतो घाटात धुकं उतरायच्या आत निघायचंय. शिक्का झाला का कागदावर?

ओगुची : नाही अजून.

कारासावा : मग मी मारून टाकू? खण उघडाच आहे. साहेब नसले की मीच मारते हो, रजेच्या अर्जांना, गाडीच्या कागदांना. इतकी वर्षं मारतेय, माझा हात त्यांच्याहून चांगला बसलाय! डावीकडे, वरच्या साहेबांच्या चौकटीकडे इतकासा कलता ठेवायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. नवीन मुली सरळसोट मारतात, मग ओरडा खातात.

ओगुची : नको, कारासावासान.

कारासावा : मग तुम्ही मारताय? तुम्ही तर शिक्का हातात घेतलाय की.

ओगुची : ...बघत होते. किती लहान असतो ना? नुसतं एक आडनाव.

कारासावा : लहान कसला, चांगला शिंगाचा आहे, त्यांच्या सासऱ्यांनी दिलेला. बरं नाही का वाटत तुम्हाला? चेहरा पांढरा पडलाय.

ओगुची : बरी आहे मी. हा आत ठेवते. आणि खण लावून घेते.

कारासावा : आले बघा साहेब. साहेब, तो खाली घाई करतोय!

मियासाका : हो, हो. कागद... झाला?

ओगुची : टेबलावरच आहे. तुम्ही ठेवला होता तसाच.

मियासाका : मी दहा मिनिटं दिली होती.

ओगुची : पुरेशी होती. दुसऱ्याच्या शिक्क्यानं सहा महिने मिळाले असते मला. मग बैठकीत तुम्ही म्हणाला असता, मी तर खोलीतही नव्हतो. माझा हात त्या खणात घालायचा नाहीये, साहेब. तुमचा घाला.

कारासावा : काय झालंय काय तुम्हा दोघांना? अहो, शिक्काच मारायचाय ना!

मियासाका : होय, कारासावासान. शिक्काच मारायचाय. जरा ती गादी इकडे सरकवा.

कारासावा : ही घ्या. हळू, घाई नको. डाव्या हातानं कागद धरा. हं... झाला! बघू? छान. नीट सरळ आलाय, आणि डावीकडे बरोब्बर झुकलाय. तुमचा शिक्का म्हणजे नेहमी देखणा. नेते मी हा.

मियासाका : ओगुचीसान. माझ्याच्यानं नाही झालं.

ओगुची : दिसलं मला.

मियासाका : फिरवला होता मी. बोटांत फिरवला होता. कागदाला टेकताना पुन्हा सरळ झाला.

ओगुची : गाडी निघाली वाटतं.

मियासाका : कुठे चाललात?

ओगुची : खाली. आठजणं यंत्रं चालू ठेवून वाट बघताहेत, त्यांना बंद करा म्हणून सांगायचंय. मग उशियामासानकडे जाईन, उदबत्ती लावायला.

मियासाका : त्यांच्यासमोर... माझं नाव काढाल?

ओगुची : काढेन. सांगेन त्यांना, या वेळी मियासाकासाननी स्वतःचा शिक्का वापरला.