पितृपक्षात मिळालेलं घर

...आणि वर मलाच म्हणतात, "आई, तुम्ही मध्ये पडू नका." आता मला सांगा, मुलगा-सून नऊ वर्षं हूफडॉर्पात, या डच गावात, भाड्यानं राहिले, दहा घरांवर बोली लावली, दहाही दुसऱ्यांनी नेली, अकरावी कशीबशी मान्य झाली आणि झाल्या झाल्या या दोघांनी ती घालवायचा चंग बांधला, तर मध्ये कोण पडणार? कालव्यातलं बदक? तुम्हाला सांगते, मला आता कशाचं काही वाटत नाही. वाटायचं तेवढं वाटून झालं. पण ज्यांची बोली नुकतीच मान्य झालीय त्यांनी जरा खुर्ची पुढं ओढा.

गुरुवारी दुपारी मकेलारचा फोन आला. मकेलार म्हणजे इथला घरांचा दलाल, पण दलाल म्हटलं की माझ्या सारंगला कसंसंच होतं, इतका तो माणूस इस्त्रीतला आहे. म्हणाला, शेजारच्या नीउ-व्हेनेपच्या घराला होकार आलाय, मालकीणबाई हो म्हणाल्या. त्रुस नावाची ऐंशीची बाई, एकटी, आता मुलीजवळ राहायला जाणार. सारंगनं मला कमरेला धरून उचललं, माझा चष्मा पडला, सूनबाईंनी, म्हणजे वैदेहीनं, पुण्याला व्हिडिओ लावला, तिकडे तिच्या आईनं देवापुढे साखर ठेवली, आणि मी खाली चष्मा शोधत एकच विचारलं, "सही झाली का?"

वैदेहीनं व्हिडिओ बंद केला.

मी सातवीत शाळा सोडली, सोडली म्हणजे सुटली, पण त्यानंतर हाताला लागेल ते वाचत आले. औषधाच्या बाटलीतली घडी, सोसायटीचे नियम, विम्याच्या कागदावरचं मुंगीएवढं अक्षर. इथं डच आलं, म्हणून काय झालं? फोन वर धरायचा, फोन वाचतो, मी समजते. ह्यांनी टेबलावर टाकून दिलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की तोंडी होकार म्हणजे नुसता होकार, कागदावर सह्या होईपर्यंत ती बाई मन बदलू शकते. सही झाल्यावर मात्र तुम्हाला, घेणाऱ्याला, विचार करायला तीन दिवस मिळतात. सही झाल्यावर! आपल्याकडे माणूस आधी विचार करतो, मग सही करतो, मग जन्मभर पस्तावतो. इथं पस्तावायलासुद्धा मुदत आहे.

मकेलार म्हणाला, सोमवारी सही करू. आणि पुण्याहून आमचे व्याही मनोहरराव म्हणाले, "विहीणबाई, पितृपक्ष लागतोय."

लागतोय तर लागू दे, असं मी म्हणणार होते. मी मुहूर्त मानत नाही, माझं लग्न उत्तम मुहूर्तावर झालं होतं. पण सारंग हळूच म्हणाला, "आई, बाबांची तिथी आहे ना त्यातच." आणि मी... मी गप्प बसले. ही एक चूक माझी, लिहून घ्या. संगणकाची दोन दोन पदव्या घेतलेल्या माझ्या मुलानं मकेलारला पत्र पाठवलं की पंधरा दिवस आम्ही मृतांसाठी पाळतो, त्यात माझे वडीलही आहेत, तेव्हा सही नंतर करू.

चार दिवसांनी पोस्टातून पाकीट आलं. माझ्या नावानं. आत करड्या रंगाचं कार्ड, वर एक वाळकं पान. मी फोन वर धरला. फोन म्हणाला, "आपल्या पतीच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. अशा दिवसांत घराची घाई करू नका. मी थांबते. कॉफी प्यावीशी वाटली तर माझं दार उघडं आहे. त्रुस."

आमचे हे, मोरेश्वर, जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी कार्ड वैदेहीला दाखवलं. तिनं वाचलं, खाली बसली. म्हणाली, "आई, आपण कुठे खोटं बोललोय? त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं." तेवढ्यात मकेलारचा फोन, दुसरं एक जोडपं आलंय, तुमच्यापेक्षा बरेच जास्त द्यायला तयार आहे, पण बाई म्हणतात, त्या घरात दुःख आहे, मी शब्द दिलाय. सारंग म्हणाला, "चला, वाचलो." वाचलो! म्हणजे माणूस गेला अकरा वर्षांपूर्वी, आणि त्याच्या मरणावर घर आत्ता मिळणार. जिवंतपणी त्यांनी कधी कोणाकडून फुकट रुमाल घेतला नाही.

आणि दुसरं सांगू का, हे गेले तेव्हा माझ्याकडे जो आला तो कागद घेऊन आला. दाखला, बँक, वारस, इथं सही, इथं अंगठा नको बाई, सही येते ना तुम्हाला? येते म्हटलं. करत सुटले. कशी आहेस, चहा पितेस का, असं विचारायला कोणाला सुचलं नाही, आणि मलाही तेव्हा काही वाटलं नाही. आता ते नीउ-व्हेनेपचं पान अकरा वर्षं उशिरा आलं. मला काही वाटत नाही म्हणते मी. पण ते कार्ड मी पिशवीत ठेवलं, बसचं कार्ड घेतलं, आणि निघाले.

"आई, तू काही बोललीस तर घर जाईल," सारंग दारापर्यंत आला.

"जाऊ दे. खोट्या सुतकात मी गृहप्रवेश करणार नाही."

त्रुसबाईंनी दार उघडलं. माझ्याहून हातभर उंच, ताठ, केस पांढरे, जॅकेट घरातसुद्धा. कॉफी आणली. मग कपाटातून एक निळा पत्र्याचा डबा काढला, उघडला, माझ्यापुढे धरला, मी एक बिस्कीट घेतलं, बाईंनी एक घेतलं, आणि डबा टक्कन बंद. इथली पद्धतच ती, कॉफीबरोबर एक. सारंगला ऑफिसात नऊ वर्षांत दुसरं कोणी दिलं नाही.

"कधी गेले?" तिनं इंग्रजीत विचारलं.

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "अकरा वर्षं झाली."

तिनं डबा उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.

म्हटलं, आता बोलूनच टाकावं. सांगितलं सगळं. आमच्यात वर्षातून पंधरा दिवस गेलेल्यांचे असतात, त्यांना जेवायला घालतो, त्या दिवसांत नवं काही घेत नाही. कोणी नव्यानं गेलेलं नाही. मुलगा खोटं बोलला नाही, पण खरंही नीट बोलला नाही. तुम्हाला त्या दुसऱ्या लोकांना घर द्यायचं तर द्या, मी रागावणार नाही, कार्ड मात्र परत देणार नाही.

बाईंचा हात डब्याच्या झाकणावर. घड्याळ वाजतंय. मी बिस्किटाचे कण बोटानं टिपतेय. मला वाटलं, गेलं. अकरावंही गेलं, आणि या वेळी मी घालवलं.

मग ती म्हणाली, "माझे गेले त्याला नऊ झाली. त्यांना काय घालता जेवायला?"

म्हटलं, "जे आवडायचं ते. आमच्या ह्यांना अळूवडी."

ती म्हणाली, "माझ्या हेंकला खारवलेला मासा, कच्चा, वर कांदा." आणि काय सांगू तुम्हाला, बाईंनी डबा पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा. माझ्यापुढे धरला. मी दुसरं बिस्कीट घेतलं, आणि घशाखाली उतरेना. मला काही वाटत नाही म्हणते ना मी... कोरडं असतं हो ते बिस्कीट.

"पण सही उद्या करा," ती म्हणाली. "मुलगी रोज फोन करून विचारतेय, मी का थांबलेय."

घरी येऊन मी फर्मान काढलं. मनोहरराव पुण्याहून कळवळले, "अहो विहीणबाई, उद्याच तर तिथी आहे त्यांची. त्यांना काय वाटेल?"

म्हटलं, "विचारलं मी त्यांना. काही बोलले नाहीत. हयातीतही बोलायचे नाहीत, आणि त्याला होकार धरायचा असं आमचं ठरलेलं होतं."

सकाळी पान वाढलं, दुपारी सही. मग आले ते तीन दिवस, विचाराचे. पहिल्या दिवशी वैदेहीला स्वयंपाकघर अंधारं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी घर तपासणारा आला, इथं घराखाली पोकळी असते, त्यानं दाराशी फरशीतलं झाकण उघडलं आणि पोटावर सरपटत जमिनीखाली गेला, चिखल लागून वर आला, म्हणाला, थोडी ओल आहे. सारंगनं रात्रभर ओलीवर वाचलं. तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनात. मी करारातली ओळ दाखवली, मोठी दुरुस्ती निघाली किंवा कर्ज नाकारलं तर बाहेर पडता येतं, ती अट आपण लिहून घेतलीय, ओलीला पंखा बसतो, आता गप्प जेवा. मग कर्ज, मूल्यांकन, विमा, नोटरी, नोटरीकडे शपथ घेतलेला दुभाषी, कारण सारंगचं डच ऑफिसातल्या वाढदिवसापुरतंच. दोन महिने गेले. कोणाचा चेहरा हलत नव्हता. किल्ल्या हातात आल्या तेव्हा वैदेही म्हणाली, "आई, मला काहीच वाटत नाहीये." म्हटलं, ये, बस माझ्याशेजारी.

किल्ल्यांच्या आधी, त्याच सकाळी, घर फिरून बघितलं होतं; ताबा घेण्याआधी एकदा बघायचं असतं, सगळं ठरल्याप्रमाणे रिकामं आहे ना म्हणून. रिकामं होतं, लख्ख. फक्त ओट्यावर तो निळा डबा. सारंग यादी बघून म्हणाला, "हा करारात नाही. मकेलारला कळवू का, त्या विसरल्या म्हणून?"

मी म्हटलं, "बस खाली." आणि डबा उघडला.

घरात आम्ही तिघं, माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं, आणि आत बिस्कीट एकच.

खाल्लं मी.