दुखणं ह्यांच्या नावावर

—छे हो, मला वाटलं होतं निजवतील. खरंच सांगते, काल मी तशी मनाची तयारी करूनच आत गेले होते. ह्या दवाखान्याचा तो पलीकडचा हॉल आहे ना, त्याच्या दारावर लिहिलं होतं — आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी, वेळ एक तास. आता एवढं वाचल्यावर माणसाला काय वाटेल? मला वाटलं, गादी असेल. उशी असेल. खिडकीला पडदा असेल आणि कुणीतरी म्हणेल, बाई, तासभर पडा, तुमच्या माणसाकडे आम्ही बघतो. आणि निघालं काय, तर अकरा लोखंडी खुर्च्या, गोल मांडलेल्या, आणि मधे एक पोर उभी, नुकतीच शिकून आलेली, डोळ्यांत नुसता उत्साह. तुम्ही मान नका हलवू, ताई, गळ्याला पट्टा आहे ना. पापण्या मिटल्यात तरी कळतं मला. हां. तर ती म्हणाली, आपण सगळ्यांना जवळ घेतो, स्वतःला कधी घेतो का? चला, स्वतःला मिठी मारा.

मारली. सांगितलं ते करायचं, एवढंच शिकलोय आपण. उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्या खांद्यावर, आणि घट्ट — तर कमरेतून अशी कळ निघाली की वर जाऊन खांदाच धरला. सुटेना. बाकीचे सगळे मोकळे झाले, कुणी डोळे पुसतंय, कुणी नाक, आणि मी आपली स्वतःच्याच गळ्यात पडलेली. पोरीला वाटलं मला भरून आलंय. म्हणाली, वेळ घ्या, हवा तेवढा वेळ घ्या. मी म्हटलं, बाळ, वेळ नको, माणूस बोलव. शेवटी शेजारी एक निवृत्त बँडवाला होता, आईला सांभाळतो, त्याने माझा एक हात धरला, त्या पोरीने दुसरा धरला, आणि जुनी पेटी उघडावी तशी दोघांनी मिळून मला उघडलं. करकर आवाजासकट. हसा, हसा, पण मानेने हसू नका.

पण पुढचं ऐका. पोर घाबरली बिचारी, खाली बसून विचारते, आजी, कुठे दुखतं, शून्य ते दहामध्ये किती? आणि माझ्या तोंडून काय जावं — ह्यांना आठ. ती म्हणाली, कुणाला? मी म्हटलं, आमच्या ह्यांना. ती म्हणाली, हात तर तुमचा अडकला होता. आता काय सांगू? सवय हो. चार वर्षांची सवय.

म्हणजे असं बघा. आमचे हे शाळेत कवायतीचे मास्तर. सगळं गाव मास्तरच म्हणतं, मीही म्हणते. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. डोकं शाबूत, स्वभाव शाबूत, नुसता एक हात, एक पाय आणि बोलणं — बोलणं आहे, पण एका शब्दामागून दुसरा यायला वेळ लागतो. तुम्ही मधल्या वेळात दूध तापवून येऊ शकता. मास्तर उंच, धिप्पाड, आणि मी ही अशी. त्यांना उठवायचं, बसवायचं, वळवायचं — दोन महिन्यांत माझी कंबर गेली, मग गुडघे गेले, मग खांदा गेला. एकजण निघाला की बाकीचे थांबतात थोडेच. आणि डॉक्टर दर महिन्याला विचारणार कोणाला? त्यांना. काय म्हणतात मास्तर? मास्तर तोंड उघडेपर्यंत मीच सांगायची, ह्यांची कंबर दुखते हो. सुटलंच ते तोंडातून. डॉक्टरांनी विचारलं, कुठे? मी बोट ठेवून दाखवलं, इथून निघते ती घोट्यापर्यंत जाते, बादली उचलली की जास्त. डॉक्टर म्हणाले, हे बादली उचलतात? मी म्हटलं, मनातल्या मनात.

नाही नाही, खोटं म्हणू नका. मी टेलिफोन कार्यालयात तीस वर्षं काढली. ह्याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि मधे आपला आवाज येऊ द्यायचा नाही, हेच काम. इथंही तेच केलं, माझी कळ ह्यांच्या लायनीवर टाकली. काम झालं की नाही? झालं. मलम मिळालं, शेकायची पिशवी मिळाली. गोळ्यांना मात्र हात लावला नाही, तेवढी अक्कल आहे मला. कमरेचा पट्टाही मिळाला — पण तो मास्तरांच्या मापाचा. मला दीड वेढा बसतो. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी मी दिवसभर घरात गुंडाळलेली फिरते.

आणि व्यायाम. व्यायामाच्या बाईंनी मास्तरांना शिकवले, मी बाजूला बसून पाठ केले. घरी मी जमिनीवर आडवी आणि मास्तर खुर्चीत बसून आकडे मोजणार. कवायतीचे मास्तर ते, तिथं हयगय नाही. पाय वर. एक. — आणि मग दोन यायचा असतो, ताई. तो वाटेत असतो. माझा पाय हवेत. दोन आला की जरा बरं वाटतं, पण तीन आणि चारच्या मधे तर चढच आहे, तिथं ते नेहमी अडकतात. आणि मी पाय खाली घेतला तर तो गुन्हा. एकदा चार आलाच नाही. किती वेळ वाट बघितली मी. मान वळवून पाहते तर झोपलेले.

तुम्ही म्हणाल, सरळ स्वतःचा केसपेपर काढायचा की. सगळेच म्हणतील. पण मग ह्यांच्याजवळ कोण बसणार? हां, ते एक झालं. आणि दुसरं — नाही, दुसरं काही नाही. म्हणजे आहे. आमचा मुलगा. वाईट नाही हो, गुणाचा आहे, लांब असतो, दर रविवारी फोनवर तोंड दाखवतो. त्याने एक गुळगुळीत पानांचं पुस्तक पाठवलंय. कुठलंसं केंद्र आहे, तिथं आजाऱ्यांना ठेवून घेतात. चित्रांत सगळे म्हातारे हसताहेत. कशाला हसताहेत कळत नाही, एकजण तर नुसत्या चमच्याकडे बघून हसतोय. मुलगा म्हणाला, आई, तुला झेपतंय तोवर ठीक आहे, ज्या दिवशी झेपणार नाही त्या दिवशी बाबा तिथं. प्रेमानेच म्हणाला. पण तिथं जागा एकालाच. जो आजारी तो आत, जो धडधाकट तो भेटीच्या वेळेत. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, मी आता नवऱ्याला भेटायची वेळ मागायची? म्हणून म्हटलं, माझ्या नावावर एकही दुखणं लिहिलं जाता कामा नये. कागदावर मी ठणठणीत. कागद बघितलात तर मला धावायला पाठवाल.

आणि मास्तरांना ठाऊक होतं बरं का सगळं. जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण बायकोसाठी कण्हायचा. म्हणजे प्रयत्न करायचा. डॉक्टर पाठ दाबायचे, मी खूण करायची, आणि मास्तरांचं कण्हणं निघायचं ते वेळेवर पोहोचायचं नाही. पाठ दाबून झालेली असायची, डॉक्टर हात धुऊन येऊन लिहायला बसलेले असायचे, तेव्हा मागून — आई गं. कवायतीच्या आवाजात. डॉक्टर दचकायचे. एकदा त्यांच्या पेनाचं टोपण माझ्या मांडीवर येऊन पडलं.

म्हणून काल हे झालं. डॉक्टर म्हणाले, चार वर्षं कंबर दुखतेय, एकदा फोटो काढून बघू. मास्तरांना आत फोटोला नेलं आणि मला म्हणाले, तासभर लागेल, तुम्ही पलीकडे त्या वर्गाला जाऊन बसा. तशी गेले होते मी त्या मिठीला. परत आले तर डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून उभे, शेजारी आणखी दोन डॉक्टर जमलेले. मी म्हटलं, संपलं. तर ते म्हणतात, ह्या वयात असा कणा आम्ही पाहिला नाही. विशीतल्या पोराचा कणा. काय खाता? आता चाळीस वर्षं उन्हात ताठ उभं राहून पोरांना ताठ उभं केलेला माणूस, त्याचा कणा काय वाकड्या बोळकांडीसारखा असणार? मला अभिमानाने भरून आलं, एक क्षण मी विसरलेच की आपण पकडलो गेलोय. पण पकडलं नाही हो. शिकलेली माणसं असं काही तरी भलतंच काढतात. डॉक्टर म्हणाले, कणा चांगला आणि तरी एवढी वेदना, म्हणजे दुखणं खोल आहे. एक सुई द्यावी लागेल, थेट मणक्याजवळ. उद्याच देऊ. मास्तर, चालेल ना?

आणि मास्तरांनी मान हलवली. लगेच. ज्या माणसाला चहा हवा की नको सांगायला पाव तास लागतो, त्याने डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत मान हलवली.

घरी आलो. संध्याकाळी त्यांचे बूट काढायला खाली बसले आणि म्हटलं, तुम्हाला कळलं का, सुई तुमच्या पाठीत जाणार आहे? दुखतंय माझं. तुम्ही हो कशाला म्हणालात?  एक बूट काढून झाला, दुसरा काढून झाला, मोजे झाले. मग म्हणाले — तू... डॉक्टरकडे... जात... नाहीस. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, मग... मी... जातो.

 मी बूट घेऊन आत गेले. बूट ठेवायची जागा बाहेर असते आमच्याकडे.

नाही, रडले वगैरे नाही. रडायला वाकावं लागतं मला. पण मनात आलं ते मागच्या महिन्याचं. आम्ही बाथरूममध्ये — पडलो नाही, ताई, पडलो म्हणू नका. बसलो. मी त्यांना उचलत होते, कमरेने धरलं, मी खाली आणि हे हळूच माझ्यावर. लागलं काही नाही. मग दोघंही भिंतीला टेकून जमिनीवर, पाय लांब करून. सव्वा तास. मला उठता येईना आणि त्यांना तर नाहीच. मास्तर म्हणाले, सहल. एवढंच. सहल. इतकी हसले मी, हसताना कंबर दुखत होती तरी हसले. मधे शेजारची शिवणवाली दार वाजवून गेली, नेहमीसारखी, काही हवं का विचारायला. मी आवाज दिला नाही. हात त्यांच्या तोंडावर ठेवला, ते हाक मारतील म्हणून. का? ती मुलाला कळवेल म्हणून. ह्यांचे पाय गार पडत चालले होते, ताई, आणि मी त्यांच्या तोंडावर हात धरून बसले होते.

हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. तुम्हाला कसं सांगितलं? तुम्हाला मधे बोलता येत नाही ना, म्हणून. पट्टा भारी वाईट हो हा, समोरच्याला बोलतं करतो.

तर आज सकाळी. मला अंथरुणातून उठायला चार पायऱ्या लागतात — आधी कूस, मग कोपर, मग पाय खाली, मग देवाचं नाव. तिसऱ्या पायरीवर होते, पाय लोंबकळत, आणि तिथंच ठरलं. सुई ह्यांच्या पाठीत जाणार नाही. आज केसपेपर माझ्या नावाने निघणार, त्यात सगळं लिहिलं जाणार, कंबर, गुडघे, खांदा, सगळं, आणि मग मुलाला मीच फोन करणार. म्हणणार, हो, मला झेपत नाही. तुझे बाबा कुठेही जाणार नाहीत, तू उचलायला माणूस शोध. ऐकेल का? माहीत नाही.  शिवणवालीला सांगितलं, मशीन घेऊनच ये, ह्यांच्याजवळ बस. ती म्हणाली, अहो, चार वर्षं वाट बघतेय, कधी बोलावता म्हणून. आणि इथं खिडकीवर बाईंनी विचारलं, पेशंटचं नाव? मी दिलं मास्तरांचं. जिभेला वळणच ते. खोडायला लावलं, तर त्या म्हणाल्या, नवीन कागद घ्या, ह्यावर खाडाखोड झाली. वर वयाच्या रकान्यात मी—

आं? हो, हो, मीच. नाही, मास्तर नाही आले आज. पेशंट मी. — बघितलंत कशी बघतेय ती नर्स? हात नका देऊ, तुमची मान सांभाळा, उठते मी माझी मी. आणि ते बाथरूमचं... नाही, तुम्ही कुणाला सांगितलंत तरी हरकत नाही आता. आत जाऊन आधी तेच सांगणार आहे. सरका जरा, पाय घ्या.