मोठ्या मापाच्या बांगड्या

बिभीषण : ...आन् मग ती म्हनायची, “अवं घड्याळवाले! येळ इचारली तुमाला, तर आभाळाकडं काय बघताय? मनगटावर काय देवाचा टाक बांधलाय व्हय?” हां, अशी. टिपेचा सूर, पर गोड. अजून कानात हाय माज्या. संध्याकाळी रेडिओवर तिचा आवाज आला का बाया तव्यावरची भाकरी इसरायच्या.

आरती : थांबा काका, मोबाईलवर रेकॉर्डिंग नीट येतंय का बघते... येतंय. आणि यावर सर्जेराव काय म्हणायचा? म्हणजे आमचे अप्पा?

बिभीषण : तुजा बाप, कानिफनाथ? तो म्हनायचा... काय बरं? घड्याळ नवं हाय, अजून रुळलं न्हाई, असलं कायतरी. न्हाई बाई आठवत.

रंगुबाई : तिचं बरं अक्षर न् अक्षर आठवतंय.

आरती : आई, असं काय गं!

रंगुबाई : मी काय म्हनलं? काष्टीवरनं खर्ड्यापत्तुर एष्टीत हाडं खिळखिळी करून आले, ती घड्याळाची मज्जा ऐकायला न्हाई आले. इचारायचं ते इचार.

बिभीषण : वैनी, चा घ्या की. निवला.

रंगुबाई : निवू द्या.

आरती : काका, परत सांगते. ‘सर्जेराव-गोदाक्का’चा एकही भाग आता नगरच्या रेडिओ केंद्रावर नाही. टेपा कमी पडायच्या, म्हणून जुनं पुसून त्याच्यावरच नवं भरायचे. आम्ही ते भाग नव्या माणसांना घेऊन पुन्हा उभे करतोय. श्रीरामपूरचा कल्याण म्हणून एक नट सर्जेराव करणार आणि मी गोदाक्का. पण लिहिलेलं कुठंच काही सापडत नाही.

बिभीषण : सापडंल कसं? लिवलं कुनी हुतं? माइकम्होरं बसायचं, ‘आज घड्याळ’ म्हनायचं, की घातला हात हाताला. कुस्तीगत. समोरचा कुठला डाव टाकतोय ते बघून आपला डाव.

आरती : म्हणूनच तुम्ही हवे आहात. त्या खोलीत असलेलं तुमच्याशिवाय आज कुणी उरलं नाही.

रंगुबाई : एक उरलीय. तिचं नाव इचार.

आरती : विचारतेय ना. काका, गोदाक्काचं काम कोण करायचं? नाव कधी रेडिओवर घेतलंच नाही.

बिभीषण : हुती एक. यायची, बोलायची, जायची. मी आपला कोपऱ्यात. शेळी वरडली का ती मी. दार करकरलं का ते मी. भांडं पडलं का ते बी मीच. बाईमानसाकडं मान वर करून बघायची आपली रीत न्हाई.

रंगुबाई : गाव कंचं तिचं?

बिभीषण : जामखेडच्या अंगाला कुठंतरी.

आरती : मघाशी तर पाथर्डीची म्हणालात.

बिभीषण : म्हंजे म्हायेर पाथर्डी.

रंगुबाई : म्हंजे लगीन झाल्याली हुती.

बिभीषण : व्हय... न्हाई, लगीन मागनं झालं.

रंगुबाई : जित्ती हाय?

बिभीषण : ...हाय म्हनायची.

रंगुबाई : मान वर करून बघितली न्हाई, पर म्हायेर ठावं, लगीन ठावं, जित्ती हाय ते बी ठावं. भावजी, पैलवान मानूस तुमी. खोटं बोलताना घाम यतो तुमाला.

बिभीषण : उनाचा हाय वैनी. पत्र्याचं घर.

आरती : आई, आपण भांडायला आलोय का?

रंगुबाई : तू गप. तुज्या तोंडात त्या बाईची जीभ मी जाऊ द्यायची न्हाई. आदी ती कोन ते कळू दे. न्हाई कळलं तर ते गोदाक्काचं खूळ आजच्या आज सोडायचं. एष्टीतच बजावलंय तुला.

बिभीषण : तिनं काय केलं तुमचं?

रंगुबाई : काय केलं? दर बेस्तरवारी आमचं मानूस दाढी करून, धुवट कापडं घालून नगरला जायचं. आलं का रातभर आपल्याशीच हसायचं. म्हनलं, ती कोन हो? तर म्हनायचे, “कुनी न्हाई.” येकदा सदरा धुताना खिशात हिरव्या बांगडीचा तुकडा घावला. मी तो तसाच त्यांच्या ताटात भाकरीवर ठेवला.

आरती : हे मला कधी बोलली नाहीस.

रंगुबाई : लेकीला काय सांगायचं असतंय त्यात?

बिभीषण : मग? काय म्हनला कानिफनाथ?

रंगुबाई : तुकडा बाजूला केला न् जेवले. येवढंच.

बिभीषण : अवं, तो तुकडा म्हंजे... आमी बांगड्या वाजवायचो तितं. आवाजासाठी. फुटली असंल एखादी.

रंगुबाई : आवाजासाठी? मग आमच्या काष्टीच्या बाजारातला कासार मला काय म्हनला ते ऐका. “वैनी, मालकांनी बांगड्या न्हेल्या त्या बसल्या का? तुमच्या मापाच्या न्हवत्या, लई मोठ्या मापाच्या मागितल्या त्यांनी.” आवाजासाठी माप लागतंय का भावजी? त्या दिवसापासनं डोळ्याम्होरं येकच बाई. धिप्पाड, गोरीपान, कोपरापत्तुर हिरवा चुडा. मी अशी काटकुळी. आरशात बघायची सोडली मी.

आरती : आई...

रंगुबाई : जाताना बी इचारलं. दवाखान्यात. म्हनलं, आता तरी सांगा, मी कायबी म्हननार न्हाई. त्यांनी माजा हात धरला न् म्हनले, “रंगू, मढीच्या नाथाची आन हाय. माजी न्हाई ती सांगायची गोष्ट.” डोळे मिटले ते असे. माजा संवसार झाला, पोरं झाली, समदं झालं. पर तेवढी येक बाई आमच्या दोघांच्या मधी झोपायची.

आरती : काका? काय झालं? पाणी देऊ?

बिभीषण : त्यानं... मरताना बी न्हाई सांगितलं?

रंगुबाई : न्हाई.

बिभीषण : मला वाटायचं, बायकूला तरी कुनीबी सांगतंच. आन घेतली तरी हातरुनात सुटतीच. मी मनात धरून चाललो हुतो की तुमाला ठावं हाय, आन् माज्याच तोंडनं वदवायला इचारताय. तेराव्याला तुमी माज्याकडं बघितलं न्हाई, तर वाटलं, ठावं हाय म्हनून तोंड फिरवलं.

रंगुबाई : काय ठावं हाय?

बिभीषण : हळू बोला. आत आमची मालकीन झुंबरबाई भाकरी थापतीय.

रंगुबाई : तिला काय भ्यायचं? तुमची कोन लागती ती गोदाक्का? भन?

बिभीषण : भन न्हाई वैनी. कार्यक्रम सुरू झाला त्या सालात मी खर्ड्याच्या जत्रंत मानाची कुस्ती मारली. खांद्यावर गदा घेऊन गाव फिरवला मला. आन् दोन भनी लग्नाच्या हुत्या घरात. पंचक्रोशीत नाव काय, तर बिभीषण पैलवान. त्यात आमच्या म्हशीच्या धारा काढताना मी बायकी आवाजात जात्यावरच्या ओव्या म्हनायचो. म्हस पान्हवायची त्यानं. ते कानिफनाथानं वाटंनं जाता जाता ऐकलं. म्हनला, बिभ्या, ही बाई मला दे.

आरती : अगं बाई!

बिभीषण : मी त्याला मढीला न्हेला. समाधीवर हात ठेवायला लावला. म्हनलं, ह्या कानाचं त्या कानाला कळलं तर मला आखाड्यात उतरायला तोंड ऱ्हायचं न्हाई. तो हसत हसत आन घेऊन मोकळा झाला. तवा आमाला कुठं ठावं की तिची किंमत तुमी द्यायची? वैनी, गोदाक्का म्हंजे... मीच.

आरती : आणि त्या बांगड्या?

बिभीषण : हातात चुडा असल्याबिगर गळ्यात बाई यायचीच न्हाई. नुसतं पैलवान बोलतोय असं वाटायचं. त्या दिवशी येक मनगटात अडकली, ती तुज्या बापानं फोडून काढली. काच कुनाच्या पायाला लागंल म्हनून खिशात टाकली.

रंगुबाई : हात दावा.

बिभीषण : आँ?

रंगुबाई : हात म्होरं करा म्हनते.

बिभीषण : हा बघा.

रंगुबाई : ...ह्या. ह्या असल्या सोट्यापायी आरशात बघायची सोडली मी. न्हाई तरी धिप्पाड मातर बरोबर धरली हुती.

आरती : आई, तू हसतेयस का रडतेयस?

रंगुबाई : मला काय ठावं? तू तुजं यंत्र बंद कर आदी.

बिभीषण : न्हाई, चालू ठेव पोरी. आता सांगितलंच हाय तर ऐक, गोदाक्का कशी बोलायची ते. झुंबरबाईनं ऐकलं तर ऐकू दे. तुज्या बांगड्या काढ जरा. घालता न्हाई यायच्या, मुठीत धरतो.

(मूठ खुळखुळवतो आणि टिपेच्या, गोड बायकी आवाजात म्हणतो)

“दळन दळिते, जात्याचा खुटा हालं,
धनी दावी वाट, बैल मागारी चालं!”

आरती : काका! हे... हे कुठं दडवून ठेवलं होतंत? आणि यावर सर्जेराव?

बिभीषण : सर्जेराव म्हनायचा, बैल म्हातारा झालाय, त्याला वाट...

रंगुबाई : तसं न्हवते म्हनत. आदी खाकरायचे. मग म्हनायचे, “बैल शाना हाय गोदे, घरी तू हायेस ते त्याला ठावं हाय.” आन् ‘गोदे’ म्हनताना थोडं थांबायचे.

बिभीषण : व्हय की! अगदी असंच!

आरती : पण आई, तुला कसं माहीत? तू तर घरात एक दिवस तो कार्यक्रम लावू दिला नाहीस.

रंगुबाई : घरात न्हाई. शेजारच्या रतनबाईच्या गोठ्यात शेनाची पाटी डोक्यावर घेऊन हुभी ऱ्हायचे, तिचा रेडिओ बंद हुईस्तोवर. तिच्यावर जळायचे, आन् तिच्याच बोलन्यावर तोंडात पदर कोंबून हसायचे. ते मातर त्यांना कधी सांगितलं न्हाई.