पिवळ्या पट्टीची बाई

मी, खाली सही करणारी, वय ६४ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार मुलाकडे, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पडलेल्या मुलीला सांभाळणारी बाई म्हणून मला पोलीस ठाण्यावर बोलावण्यात आले. मी त्या मुलीची आजी आहे. तिचे वडील माझा एकुलता एक मुलगा. हे सांगितल्यावर मला खुर्ची देण्यात आली.

शुक्रवारी दुपारी मुलगा, सून, मी आणि साडेचार वर्षांची नात, जिला घरात मुंगी म्हणतात, असे चौघे गाडीने डोंगरावरच्या हॉटेलात आलो. सूनबाईने सहा महिने आधी खोली ठरवली होती. खोलीला एक भिंत पूर्ण काचेची असून बिछान्यात पडल्या पडल्या दरी दिसते. मुंगीचे कपडे कपाटात लावायला गेले तेव्हा मी ती पाहिली.

काउंटरवर सांगण्यात आले की, त्या खोलीत दोन मोठी माणसे व एक मूल एवढ्यांनाच परवानगी आहे आणि दुसरी खोली शिल्लक नाही. मूल सांभाळायला बाई आणली असेल तर तिची सोय कपडे धुण्याच्या खोलीमागे होते. मुलाने सूनबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "दोन रात्रींचा तर प्रश्न. आईंना कुठे कशाचं काही असतं?" मुलाने फॉर्म भरला. माझ्या नावापुढे नात्याच्या रकान्यात त्याने काय लिहिले ते मला चष्म्याशिवाय वाचता आले. माझ्या मनगटावर पिवळी पट्टी बांधली. त्यांच्या तिघांच्या निळ्या होत्या.

मुलगा आठ वर्षांचा असताना मी त्याला याच गावात बसने एका दिवसासाठी आणले होते. अशाच एका हॉटेलच्या फाटकाबाहेर कठड्यावर बसून आम्ही डबा खाल्ला. "मोठा झालो की तुला आत नेईन," असे तो म्हणाला होता. याचा घटनेशी संबंध नाही, असे हवालदारांनी सांगितले. तरी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

मागच्या खोलीत चार खाटा होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारले, "कुठल्या खोलीच्या तुम्ही?" मी सात नंबर सांगितले. "माणसं बरी आहेत का?" मी म्हणाले, "बरी आहेत." ती म्हणाली, "नशीब काढलंत."

रविवारी सकाळी दहा वाजता मुलगा व सून मालिशसाठी गेले. तिथे फोन बाहेर ठेवावे लागतात. मुंगी माझ्याजवळ होती. साधारण सव्वादहाला ती माझा हात सोडून तलावाकडे पळाली व फाटकातून आत गेली. तिची पट्टी निळी असल्याने तिला कोणी अडवले नाही. मी मागोमाग गेले असता रखवालदाराने हात आडवा केला.

मी म्हणाले, "अहो, नात आहे माझी, एकटी आहे ती आत."

तो म्हणाला, "मावशी, इथे पिवळ्या पट्टीची प्रत्येक बाई आजीच असते. आई-बाप असतील आत. मला वरून बोलणी खायला लावू नका."

दोन मिनिटे तरी गेली असतील. नंतर पाण्यात मला तिचा फ्रॉक दिसला. मी त्याला ढकलून आत गेले व उडी मारली. मला पोहता येत नाही. रखवालदाराने पाठोपाठ उडी मारून आधी तिला व मग मला बाहेर काढले. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्याने पट्टी पाहिली, ती त्याने बांधलेली नव्हती.

मुंगी इस्पितळात आहे. धोका टळला आहे, असे डॉक्टरांनी आज सकाळी सांगितले. तिने आजीला बोलवा म्हटले, असे मला परिचारिकेकडून कळले.

मुलाने काल दिलेला जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. 'मूल बाईच्या ताब्यात दिले होते, बाईचा डोळा लागला,' असे त्यात आहे. माझा डोळा लागला नव्हता. ती बाई म्हणजे मी, हे त्यात नाही. काल इस्पितळाच्या जिन्यात तो मला म्हणाला, "आई, झोप लागली एवढंच सांग. फॉर्मचं निघालं तर हॉटेलवाले सगळं आमच्यावर उलटवतील. तुझ्यावर कोण केस करतंय, या वयात?"

मी विचारले, "आणि केली तर?"

तो म्हणाला, "मी आहे ना."

फॉर्मवरचे अक्षर मुलाचे आहे. ते मीच गिरवून घेतले असल्याने मला ओळखता येते.

माझा हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मला ऐकू चांगले येते. तरी मोठ्याने वाचावा असे मी सांगितले, कारण दार उघडे होते आणि मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.